आज्जीचा उपास, नातवाचे दाणे आणि पुण्यातले तीन दिवस

नाशिकहून पुणं म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, त्यात काय एवढं प्रवासवर्णन लिहायचं असं कुणीही म्हणेल, पण आमच्या घरातली चार माणसं घेऊन एकदा हॉटेलात जेवून दाखवा आणि मग बोला.

तर आधी मंडळींची ओळख. चिरंजीव वय वर्षे आठ, ह्याला शेंगदाण्याची ॲलर्जी, म्हणजे खरी, इंजेक्शन बॅगेत घेऊन फिरावं लागतं अशी. बदाम-काजू चालतात (डॉक्टरांनी तपासूनच सांगितलंय), कारण शेंगदाणा हा मुळात सुकामेवा नाहीच, मटार-हरभऱ्याच्या शेंगवर्गातला आहे, पण हे समजावताना माझी निम्मी हयात गेलीये. सासूबाईंना सीलिॲक. वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन सातच्या आसपास, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळल्या, शेवटी एकसष्टाव्या वर्षी एका डॉक्टरांनी रक्ताची टेस्ट आणि मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासायला सांगितला तेव्हा कळलं की गहूच सोसत नाहीये. म्हणजे पोळी, रवा, मैदा, शेवया सगळं आयुष्यभर बंद. नवऱ्याला दूध पचत नाही, पण ते ॲलर्जी नव्हे हं, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम कमी पडतं एवढंच, त्यामुळे त्याचा धोका फक्त त्याला आणि लॉजच्या बाथरूमला. आणि मी. मला काही होत नाही. मी सगळ्यांच्या ताटात नाक खुपसते, हे माझं काम.

शुक्रवारी पहाटे निघालो. चंदनापुरी घाट ओलांडून नाश्त्याला नारायणगावच्या अलीकडे एका ठिकाणी थांबलो, नाव नाही सांगत. पोह्यांवर दाणे दिसत होते म्हणून विचारलं की बिनदाण्याचे मिळतील का, तर पोरगा म्हणाला, "मिळतील की ताई, निवडून देतो." आणि खरंच निवडायला बसला हो! एकेक दाणा बोटाने बाजूला. इतक्या प्रेमाने करत होता की ओरडताही येईना. मग मुलाला डब्यातले घरचे धिरडे, सासूबाईंना राजगिऱ्याचा लाडू, नवऱ्याला काळा चहा, आणि ते निवडलेले पोहे मी खाल्ले. चाकणच्या ट्रॅफिकबद्दल काही लिहीत नाही, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

पहिल्या दिवशी कॅम्पात भटकलो. कयानी बेकरी दुपारची बंद असते हे विसरलोच होतो, शटर उघडेपर्यंत ईस्ट स्ट्रीटवर उभे राहिलो, श्रूजबेरी बिस्किटं घेतली ती शेजाऱ्यांसाठी. सासूबाईंनी फक्त बॉक्सचा वास घेतला आणि म्हणाल्या, "लोणी चांगलंय." एवढंच. रात्री दमून एका मॉलमधल्या चेन रेस्टॉरंटात गेलो आणि तिथे मेनूवर चक्क प्रत्येक पदार्थापुढे खुणा, गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, सोया. हे हौसेखातर नसतं, दहा किंवा जास्त शाखा असल्या की मेनूवर ॲलर्जीची माहिती द्यावीच लागते असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे. त्यामुळे तिथे पहिल्यांदाच मी निवांत बसले. मुलाने पास्ता खाल्ला. सासूबाईंना मात्र खुणा नसलेलं एकच काहीतरी मिळालं, ते म्हणजे सॅलड, आणि पुण्यात येऊन कोबी चघळायचा ह्याचा त्यांना जो काही संताप आला तो हॉटेलवर परत येईपर्यंत टिकला.

आता गंमत बघा, जिथे हा नियम लागू नाही, म्हणजे पेठेतली एकुलती एक शाखा असलेली हॉटेलं, तिथेच तर जेवायला आलो होतो आपण!

शनिवारी संकष्टी. आणि उपासाच्या दिवशी आमच्या घरात जे होतं ते कुठल्याही डाएटिशियनला सांगा, हसेल. साबुदाणा, वरी, राजगिरा, बटाटा, ह्यात गहू औषधालाही नाही, म्हणजे सीलिॲकवाल्यांना महाराष्ट्रात उपास हा सगळ्यात सुरक्षित दिवस. सासूबाई त्यामुळे आता संकष्टी, एकादशी, शिवरात्र, जे मिळेल ते धरतात. बाकीच्या दिवशी हॉटेलात साधं वरण मागवलं तरी त्यात हिंग, आणि बाजारातल्या बऱ्याच हिंगात खडा कमी आणि मैदा किंवा गव्हाचं पीठच जास्त (डबी उलटी करून बघा, लिहिलेलं असतं). पण तीच उपासाची थाळी नातवासाठी म्हणजे सुरुंग. खिचडीत दाण्याचं कूट, आमटी दाण्याची, बटाट्याच्या भाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. एकीचं अमृत ते दुसऱ्याचं विष, आणि दोघांना शेजारीशेजारीच बसायचं असतं, आज्जीशिवाय जेवत नाही तो.

दुपारी पेठेतल्या एका थाळीवाल्याकडे गेलो. सासूबाईंना उपासाची थाळी, आम्हाला साधी. मालक गल्ल्यावर, भले गृहस्थ, मी त्यांना आधी जाऊन सांगितलं की मुलाला दाणे अजिबात चालत नाहीत, कूट नाही, तेल नाही. तेलाचं मुद्दाम विचारते कारण घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याचं प्रोटीन राहतं, चांगलं रिफाइंड केलेल्यातलं बहुतेक निघून जातं, तेव्हा 'शुद्ध शेंगदाणा तेलात तळलेले' अशी पाटी दिसली की लोक आत जातात आणि आम्ही रस्ता ओलांडतो. ते म्हणाले, "आमच्याकडे सनफ्लॉवर. आणि आजची बटाट्याची भाजी साधी पिवळी आहे, कूट नाही. बिनधास्त बसा." बसलो.

वाढपी आला, हातात ते चार डब्यांचं स्टीलचं भांडं, मधे उभा दांडा. एका डब्यात कोशिंबीर, शेजारी बटाट्याची भाजी, पुढे चटणी, लिंबाच्या फोडी. नवऱ्याला कोशिंबीर वाढली. मी मुलाच्या वरणात नाक घालून बघत होते. मान वर केली तेव्हा तोच चमचा बटाट्याच्या डब्यातून बाहेर येत होता, त्याच्या पाठीला काकडीचे दोन कण आणि पांढरट कूट चिकटलेलं, आणि मुलाच्या ताटात भाजी पडलेली होती, आणि पहिला घास तोंडात गेलेला होता.

"थुंक" म्हणून मी इतक्या जोरात ओरडले की अख्खं हॉटेल थांबलं. तो थुंकला. चुळा भरल्या. दहा मिनिटांत ओठाशेजारी दोन गांध्या, ओठाला खाज. आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय तसं सगळं केलं: नुसत्या गांध्या असतील तर आधी सिरप आणि डोळ्यात तेल घालून लक्ष, श्वास, आवाज, उलटी, चक्कर यातलं काहीही दिसलं तर सिरपची वाट न बघता लगेच मांडीत ते बॅगेतलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. आम्ही एका हॉस्पिटलच्या गेटसमोर गाडी लावून बसलो. अडीच तास. माझ्या मांडीवर इंजेक्शनची डबी, नवरा दर पाच मिनिटांनी "पुढे मोठ्याने बोल बघू" म्हणून त्याला पाढे म्हणायला लावतोय, आणि मागच्या सीटवर सासूबाई, ताट तसंच टाकून उठलेल्या, सकाळपासून एका कपभर चहावर. सतराचा पाढा दोनदा झाल्यावर गांध्या बसल्या. त्याला भूक लागली. तेव्हा मी रडले.

संध्याकाळी मी एकटी परत गेले त्या हॉटेलात. भांडायलाच. मालक म्हणाले, "अहो पण भाजीत दाणे नव्हतेच!" आणि ते खोटं बोलत नव्हते, हीच तर गोची. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "उपासाच्या थाळीचा डाव वेगळा असतो ना तुमचा?"

"म्हणजे काय! डाव वेगळा, पातेली वेगळी, वाढणारा पण वेगळा. कांद्या-लसणीचा चमचा लागला तर उपास मोडेल ना माणसाचा."

"बरोबर. मग तेच."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग दुपारचे पैसे काढून पुढे केले, मी घेतले नाहीत, आणि मी निघताना ते आत कुणाला तरी त्या चार डब्यांच्या भांड्यात चार चमचे टाकायला सांगत होते. उद्या टाकतील की नाही देव जाणे.

पण मला मात्र चावी सापडली. आपल्याकडे ॲलर्जी म्हटलं की लोकांना वाटतं, नाक वाहतं, शिंका येतात, थोडंसं चालेल. उपास म्हटलं की अख्ख्या किचनला कळतं की 'थोडंसं' असा प्रकारच नसतो. जैन म्हटलं तरी कळतं. तवा पुसतात, तेल बदलतात, कुणी वाद घालत नाही. त्याच रात्री एका डोसेवाल्याकडे मी म्हटलं, "ह्याला दाण्याचा उपास आहे, एक कण लागला तरी चालणार नाही, जिवावर बेततं," तर पोऱ्याने आधी चटणीत दाणे असतात हे स्वतःहून सांगितलं, मग तवा घासला, उलथनं बदललं, आणि डोसा वेगळ्या ताटात, चटणीशिवाय. मी खूश. दुसऱ्या टेबलावरचा वेटर मात्र नुसतं 'उपास' ऐकून पाच मिनिटांत साबुदाणा खिचडी घेऊन हजर, वर लिंबू आणि कूट पेरलेलं! म्हणजे वाक्य पूर्ण बोलायचं आणि दोनदा बोलायचं, नाहीतर फसाल.

नवऱ्याने दरम्यान मस्तानीचा हट्ट धरला. पुण्यात येऊन मस्तानी नाही म्हणजे काय, वगैरे. घट्ट दूध, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, म्हणजे लॅक्टोजवर लॅक्टोज. त्याने लॅक्टेजच्या (तेच ते कमी पडणारं एन्झाइम) दोन गोळ्या घेतल्या आणि आंबा मस्तानी तळापर्यंत संपवली. गोळ्यांनी किती काम केलं यावर आमचं एकमत नाही, तो म्हणतो पूर्ण, मी म्हणते मी त्याच खोलीत झोपले होते.

चंद्रोदयाला सासूबाईंनी उपास सोडला तो उकडीच्या मोदकांवर, कोथरूडला घरगुती मोदक करणाऱ्या एका काकूंकडून आणलेले. मी फोनवरच सगळं विचारून घेतलं होतं, तांदळाची पिठी कुठली, घरात दाणे कशाकशात वापरता, मोदकाचं पात्र वेगळं का, शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हीच या नं करायला." तांदूळ, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर साजूक तूप, आणि तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच. तीन दिवसांत चौघांनी एका ताटातून खाल्लेला हा एकच पदार्थ. एकवीस आणले होते, सकाळी एकही नव्हता, आणि कुणी किती खाल्ले ह्यावर मुलगा अजून आज्जीवर संशय घेतो.

रविवारी सिंहगड. गाडीने गेलो, चढून नाही, खडकवासल्यापासूनच गाड्यांची रांग, वर पोचेपर्यंत साडेदहा. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी गेलो, मुलाला १६७० ची लढाई सांगितली, त्याला घोरपडीतच जास्त इंटरेस्ट. पण खरं आकर्षण पिठलं-भाकरी. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते न सोसणारं प्रोटीन, नसतं, पिठलं बेसनाचं, तेव्हा सीलिॲकवाल्यांना हे पंचपक्वान्न वाटावं. अडचण गिरणीची. त्याच चक्कीवर आधी गहू दळलेला असला की तो ज्वारीच्या पिठात उतरतोच. म्हणून उपासाचं दळण वेगळं ठेवतात ना गिरणीवाले, अगदी तसंच. तर आमच्या सासूबाईंनी काय करावं, बॅगेतून घरघंटीवर दळलेलं दीड किलो ज्वारीचं पीठ काढलं, नाशिकपासून आणलेलं, आम्हाला पत्ता नाही, आणि चुलीपुढे बसलेल्या मावशींच्या हातात दिलं. "गव्हाचं पीठ सोसत नाही मला. ह्याच्या द्याल का थापून? पैसे तेच घ्या."

मावशींनी पिठाची पिशवी उघडली, चिमूट दोन बोटांत चोळून बघितली. "बारीक दळलंय. चिराळणार नाही." मग परात राखेने घासली, हात धुतले, आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या सुनेला अंडं चालत नाही. अंगावर असे चट्टे येतात." त्यांना वेगळं काही सांगावंच लागलं नाही. नातवाचं सांगितलं तर ठेच्याची वाटी स्वतःहून उचलून लांब ठेवली, त्यात दाणे होते, वरवंटा पण वेगळा काढला. मातीच्या मडक्यातलं दही नवऱ्याने दोन मडकी खाल्लं, दह्यातलं लॅक्टोज विरजण थोडंफार खाऊन टाकतं त्यामुळे त्याला सोसतं. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर, फुगली, सासूबाईंच्या ताटात, वाफ निघतेय, पलीकडे दरीत ढग. त्यांनी पहिला तुकडा मोडला आणि डोळे मिटले. मॉलमधल्या कोबीचा राग तिथे कुठे गेला.

उरलेलं पीठ मावशींनी नीट गाठ मारून परत दिलं. पैसे दिले, चपला घातल्या, निघालो, आणि मागून हाक आली, "अगं बाई, पोराला रिकामं कसं पाठवायचं," म्हणत मावशी पळत आल्या आणि ओंजळभर भाजलेल्या शेंगा पुढे केल्या.

मुलगा दोन पावलं मागे सरकला, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "मावशी, ह्याच त्या."