तुम्ही विचारलंत म्हणून: नवा चेंडू मळका का?

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी शोकेसमध्ये एक बेसबॉल आहे. सामन्यात प्रेक्षकांत आलेला, माझ्या हाती लागलेला. इथे तो परत द्यावा लागत नाही. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा तो हातात घेतो आणि विचारतो, "नवा म्हणता, मग असा मळकट कसा?"

क्रिकेटवर वाढलेल्याला हा प्रश्न पडणारच. आपण लकाकी टिकावी म्हणून चेंडू पँटला घासत राहतो. इथे सामन्याआधी ती मुद्दाम घालवतात, चिखल चोळून. नियमातच तसं आहे.

पूर्वी एकच चेंडू फार वेळ वापरत. गोलंदाज त्याला थुंकी, तंबाखूचा रस, माती फासत. दुपार कलली की तो दिसायचाही नाही. १६ ऑगस्ट १९२० ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर गोलंदाज कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलंड संघाचा फलंदाज रे चॅपमन याच्या डोक्यावर बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आवाज असा झाला, की मेजला वाटलं बॅटलाच लागला. त्याने चेंडू उचलून फलंदाजाला बाद करायला पहिल्या बेसकडे, म्हणजे फलंदाज धावत गाठतो त्या पहिल्या टप्प्याकडे, फेकलासुद्धा. चॅपमन दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. हे सांगताना मला अजूनही थांबावं लागतं.

पुढे मळलेले चेंडू लगेच बदलायचं ठरलं. पण कोरा चेंडू गुळगुळीत, हातातून निसटणारा, आणि निसटलेला चेंडूही डोक्यावरच जाऊ शकतो. म्हणून पंच सामन्याआधी त्याला मैदानातली माती पाण्यात कालवून चोळत. त्याने कातडं खराब व्हायचं. १९३८ मध्ये फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स संघाचे प्रशिक्षक लीना ब्लॅकबर्न यांना आमच्याच राज्यात, डेलावेअर नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी हवा तसा चिखल सापडला. नेमकी जागा आजही गुपित आहे. इथल्या व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल. ब्लॅकबर्न अमेरिकन लीगचे इतके कट्टर, की नॅशनल लीगला तो चिखल मिळायला १९५० चं दशक उजाडलं.

चिखल अगदी मऊ, भिजवलेल्या मुलतानी मातीसारखा. बोटभर घ्यायचा, थोडं पाणी, आणि दोन्ही तळव्यांत चेंडू लाडवासारखा वळायचा. डाग पडू द्यायचा नाही, फक्त चकाकी मोडायची.

पाहुण्यांना मी म्हणतो, डोळे मिटा आणि शिवणीच्या बाजूला अंगठा फिरवा. अगदी बारीक खरखर लागते. तीच त्या चिखलाची.