टपावरचे कॅरिअर: आधी वजन, मग सामान

आमच्या गाडीच्या टपावरील दोन आडव्या दांड्यांनी गेल्या सहा वर्षांत शिडी, दोन सायकली, एक गादी, पुस्तकांच्या मांडणीच्या फळ्या आणि एकदा चौकटीसकट अख्खे दार वाहून नेले आहे. हे कॅरिअर ज्या खोक्यातून आले त्यावर 'बहुउपयोगी' असा शब्द ठळक छापलेला होता आणि तो खोटा नव्हता. त्या शब्दाचा नेमका अर्थ समजायला मात्र मला बराच काळ लागला. जाळीची टोपली, सायकलीचा स्टँड, बंद पेटी, होडीचे पाळणे असे वरचे जोड कितीही बदलता आले, तरी सगळा भार शेवटी त्याच दोन दांड्यांवर, चार पायांवर आणि त्यांच्याखालच्या टपावर येतो. काय काय लादता येईल, असे मला अनेक जण विचारतात. हे कॅरिअर नेमके कशावर उभे आहे, असे अद्याप कोणीही विचारलेले नाही.

जुन्या मोटारींच्या टपाला दोन्ही बाजूंनी पावसाच्या पाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असे आणि कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत आवळून बसवले की काम होत असे. पुढे मोटारींचे आकार गुळगुळीत झाले, पन्हळी गेल्या आणि पाय कुठे रोवायचे हा प्रश्न प्रत्येक गाडीसाठी वेगळा झाला. काही गाड्यांना टपावर लांबीच्या दिशेने उंच कठडे असतात, काहींचे कठडे टपाला चिकटलेले असतात, काहींच्या टपात झाकणाखाली आटे पाडलेली भोके दिलेली असतात, आणि ज्यांना यांतले काहीच नसते त्यांच्या दाराच्या वरच्या कडेला आकडे अडकवून पाय आवळावे लागतात. हा शेवटचा प्रकार सर्वांत नाजूक आहे, कारण तिथे आकड्याचा आकार त्याच मॉडेलसाठी बनवलेला असावा लागतो. 'थोडेसे वाकवून बसेल' अशा आकड्यावर मी रिकामी टोपलीसुद्धा ठेवणार नाही.

आता वजनाकडे येतो, कारण मी सर्वांत मोठी चूक तिथेच केली होती. माझ्या दांड्यांवर १०० किलो असा आकडा कोरलेला आहे आणि पहिले वर्षभर मी तोच खरा धरून चाललो. पुढे एकदा गाडीची पुस्तिका चाळताना टपाची मर्यादा ७५ किलो असल्याचे दिसले. अशा साखळीत सर्वांत लहान आकडा चालतो, म्हणजे माझ्यासाठी ७५. त्यातही हे ७५ किलो निव्वळ सामानाचे नव्हते, टपावर जे जे येईल त्या सगळ्याचे होते. दांड्या आणि पाय मिळून ६ किलो, लोखंडी टोपली १५ किलो, म्हणजे २१ किलो तर सामान चढवण्याआधीच खर्ची पडले आणि हातात उरले ५४. त्या वर्षी आम्ही टोपलीत जे काही कोंबत होतो ते यापेक्षा नक्कीच जास्त होते. काही बिघडले नाही हा केवळ योगायोग. खडबडीत रस्त्यावर तर ही मर्यादा आणखी खाली आणावी लागते, कारण प्रत्येक खड्ड्यात चाक आदळले की सामानाचे वजन क्षणभर कितीतरी वाढल्यासारखे पायांवर येते. कॅरिअर बनवणारेही अशा वापरासाठी बहुधा वेगळा, कमी आकडा देतात.

यावर हमखास येणारा एक प्रश्न असा, की टपावर तंबू लावून दोन माणसे झोपतात, मग त्यांचे दीडशे किलो कसे चालतात? उत्तर सरळ आहे. ७५ किलो ही चालत्या गाडीची मर्यादा आहे, आणि चालत्या गाडीत वजनाबरोबर ब्रेक, वळण, वारा आणि हादरे हेही येतात. गाडी उभी असताना फक्त खाली दाबणारा भार उरतो आणि तो टप कितीतरी अधिक पेलू शकतो. म्हणून तंबू घेताना घडी केलेल्या तंबूचे वजन चालत्या मर्यादेत बसते का हे आधी पाहावे, आणि उभ्या गाडीसाठीचा आकडा कॅरिअर व गाडी या दोघांच्याही पुस्तिकेत वेगळा शोधावा.

वजन खाली दाबते, पण वारा वर उचलतो, आणि हे मला गादीने शिकवले. हलकी वस्तू आहे, दोन पट्ट्यांत भागेल, अशा समजुतीने मी ती आडव्या दांड्यांवर दोन ठिकाणी आवळली आणि निघालो. वेग साठाच्या पुढे गेला तशी गादीची पुढची कड हळूहळू वर येऊ लागली. समोरच्या काचेच्या वरच्या टोकाला तिची सावली हलताना दिसली तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. पुढचा पट्टा तुटला नव्हता, पण गादी त्याच्या पुढे हातभर दुमडून उभी राहिली होती आणि पट्टा तिच्यात खोल रुतला होता.

घरी आल्यावर मी हिशेब करून पाहिला. समोरून येणाऱ्या हवेचा दाब ताशी ६० किलोमीटर वेगाला दर चौरस मीटरमागे सुमारे १७ किलो वजनाइतका असतो, ९० ला तो ३८ च्या आसपास जातो आणि १२० ला ६८ च्या. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. गादीचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटर होते आणि तिची कड वर उठताच ती शिडासारखी वागू लागली होती. तेव्हापासून गादी, प्लायवूड, दार अशा पसरट वस्तूंना मी पुढच्या टोकाकडूनही दोन पट्टे बॉनेटखालच्या मजबूत ठिकाणी ओढून बांधतो, आणि तरीही सावकाशच जातो. खरे तर गादी टपावरून नेऊच नये, असे आता माझे मत झाले आहे.

बांधण्याच्या बाबतीत मालमोटारींचे नियम मार्गदर्शक ठरतात. अमेरिकेचे आणि युरोपचे नियम ढोबळमानाने सारखेच आहेत: बांधणीने सामानाच्या वजनाच्या ०.८ पट इतका जोर पुढच्या दिशेने आणि ०.५ पट बाजूंना पेलला पाहिजे. पुढच्या दिशेचा आकडा मोठा असण्याचे कारण ब्रेक. जोरात ब्रेक लागला की सामान पुढे सरकू पाहते, आणि आपण मात्र बहुतेक वेळा ते फक्त खाली दाबून बांधलेले असते. शिडीसारखी गुळगुळीत वस्तू नुसत्या आडव्या पट्ट्यांखालून पुढे निसटू शकते. म्हणून शिडीच्या पायरीतून पट्टा ओवून तो दांडीला वेढा देऊन आवळावा लागतो, म्हणजे पायरीच अडसर बनते. रॅचेटचा, म्हणजे दातेरी चक्रावर दांडा दाबून आवळायचा पट्टा चांगला, पण त्याचा दांडा शेवटपर्यंत दाबत राहण्याचा मोह टाळावा. एकदा पुठ्ठ्याच्या खोक्यातले लाकडी स्टूल मी असेच इतके आवळले की त्याचा पाय सांध्यातून निखळला. सायकल किंवा होडीसाठी दाताळ कडीचा साधा पट्टा पुरतो. लवचिक रबरी दोर मात्र ताडपत्रीची कडा धरण्यापुरताच वापरावा, कारण तो ताणला जातो आणि जे ताणले जाते ते सामान रोखत नाही.

पट्ट्याला मध्येच एक पीळ द्यावा, ही युक्ती मला एका टेम्पोचालकाने दाखवली. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि गाडीत विमानासारखा घरघराट ऐकू येतो. पीळ दिला की तो बहुतेक थांबतो.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे रेंगाळतो, कारण मला त्यात मनापासून रस आहे. माझ्या पहिल्या दांड्या २८ मिलिमीटर जाडीच्या गोल नळ्या होत्या आणि ताशी ८० च्या आसपास त्या एका सुरात गुणगुणू लागत, अगदी तंबोऱ्याची तार दूर कुठेतरी छेडल्यासारख्या. दांडीला ओलांडून जाणारी हवा तिच्या मागे एकदा वरून, एकदा खालून अशा आळीपाळीने भोवरे सोडत जाते, आणि त्या तालावर हा सूर उमटतो. वाऱ्यात तारा का गातात याचा अभ्यास चेक भौतिकशास्त्रज्ञ विन्सेन्झ स्ट्राउहाल यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केला होता. गोल दांडीसाठी त्यांचे सूत्र साधे आहे: वेगाला जाडीने भागा आणि ०.२ ने गुणा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, भागिले ०.०२८, गुणिले ०.२, आले सुमारे १५९ हर्ट्झ. फोनमधील सूर मोजणाऱ्या ॲपने १५५ ते १६५ च्या दरम्यान आकडे दाखवले तेव्हा मला झालेला आनंद घरात इतर कोणालाही झाला नाही. उपाय मात्र सर्वांना आवडला. दांडीभोवती बारीक दोरी विरळ वेढ्यांनी नागमोडी गुंडाळली की भोवरे एका वेळी एका रेषेत सुटत नाहीत आणि सूर मोडतो. उंच धुराड्यांना बाहेरून सर्पिल पट्ट्या बसवतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. विमानाच्या पंखासारख्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या मुळातच कमी आवाज करतात. आता माझ्याकडे त्याच आहेत.

इंधनाचा हिशेबही हवेचाच आहे. अमेरिकी सरकारच्या इंधनबचतीच्या माहितीनुसार, टपावरील मोठी, बोथट पेटी शहरात मायलेज २ ते ८ टक्क्यांनी आणि महामार्गावर ६ ते १७ टक्क्यांनी घटवते, तर ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगात ही घट १० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. तेच सामान गाडीच्या मागे लावलेल्या पेटीत किंवा ट्रेवर असेल, तर शहरात १ ते २ आणि महामार्गावर १ ते ५ टक्के इतकेच नुकसान होते, कारण ते गाडीने आधीच फाडलेल्या हवेच्या आडोशाला राहते. विजेवर चालणाऱ्या गाडीत याचा थेट परिणाम पल्ल्यावर होतो आणि तो लगेच जाणवतो.

मग मागचेच कॅरिअर का घेऊ नये? जड सायकली डोक्यावर उचलण्याची ताकद किंवा इच्छा नसेल तर जरूर घ्यावे. मात्र तिथेही मर्यादा आहे. ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे असलेल्या हुकावर सरळ खाली किती भार चालतो हा आकडा अनेक लहान गाड्यांत ५० ते ७५ किलोच असतो. दोन विजेच्या सायकली प्रत्येकी २५ किलोच्या आणि कॅरिअर स्वतः १८ किलोचे धरले, तर ६८ झाले. शिवाय हा भार मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असल्याने गाडीचे नाक किंचित उचलले जाते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नंबरप्लेट किंवा मागचे दिवे झाकले जात असतील तर दिवे आणि नंबर असलेली दुसरी पट्टी कॅरिअरवर वेगळी लावावी लागते. लांब सामानाबाबत १९६८ च्या व्हिएन्ना करारात स्पष्ट नियम आहे: पुढे किंवा मागे एक मीटरपेक्षा जास्त बाहेर आलेल्या मालावर ठळक खूण हवी, आणि रात्री मागे लाल दिवाही हवा.

देखभालीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पाय बसवण्यापूर्वी टप धुऊन पुसावा, कारण पायाखाली अडकलेली वाळू रंगावर पॉलिशपेपरसारखी घासत राहते. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण पायांखालच्या रबराच्या गाद्या दबून बसल्या की बोल्ट सैल होतात. कॅरिअरसह गाडीची एकूण उंची चालकाला दिसेल अशी लिहून ठेवावी. मी ती शिकलो एका तळघरातल्या पार्किंगच्या तुळईकडून, आणि टोपलीचा पुढचा कोपरा अजून वाकडा आहे.

काम नसेल तेव्हा मी दांड्या उतरवतो. पाय कुठे बसतात त्याच्या खुणा दाराच्या आतल्या कडेला चिकटपट्टीने केलेल्या आहेत, त्यामुळे पुन्हा बसवायला दहा मिनिटेही लागत नाहीत. समोरच्या कप्प्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे: टोपलीसह ५४, टोपलीविना ६९. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांना लाकडी कपाट हलवायचे होते. त्यांनी ते अंदाजाने पन्नास किलोचे सांगितले. एका बाजूने उचलून वजनकाट्यावर टेकवले, मग दुसऱ्या बाजूने, आणि बेरीज आली ७२. आम्ही टोपली उतरवली, कपाटाची दोन्ही दारे आणि तीन फळ्या काढून डिकीत घातल्या आणि उरलेला सांगाडा आडवा करून वर बांधला.