ड्युसेलडॉर्फची एक बिअर, घोडबंदर रोडच्या आठ

माझी भाची ठाण्यात बिअर बनवते. मायक्रोबायोलॉजी शिकली आणि आता घोडबंदर रोडवरच्या एका रेस्टॉरंटमधल्या काचेमागच्या टाक्या तिच्या ताब्यात आहेत. ताईला आधी हे चारचौघांत सांगायला अवघड जायचं, आता पाहुणे आले की तीच विषय काढते. मी राहते जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला. इथे खानावळीतच बिअर बनवायची रीत पिढ्यान् पिढ्यांची, त्यामुळे आम्हा दोघींचे रविवारचे फोन लांबतच जातात.

इथल्या जुन्या शहरात युरिगे नावाचं असं एक ठिकाण आहे, 1862 पासूनचं. शुमाखर त्याहून जुनं, 1838 चं. बिअर कुठली हवी, असं तिथे सहसा कुणी विचारत नाही. आल्टबिअरच येते: तांब्याच्या रंगाची, कडसर, छोट्या ग्लासात. निळ्या कपड्यांतला वेटर, त्याला कोबेस म्हणतात, ग्लास ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढतो. ग्लास रिकामा झाला की दुसरा हजर, दुसरी रेघ. पुरे झाली की पुठ्ठा ग्लासावर ठेवायचा. बिल म्हणजे त्या रेघा. वर्षानुवर्षं तीच बिअर बनवल्यावर हात किती बसतो, हे तिथला पहिला घोट घेतला की कळतं.

भाचीकडे आठ नळ आहेत, प्रत्येकाला वेगळी बिअर. आंब्याचीसुद्धा बिअर आहे.

तिचं काम रेस्टॉरंट उघडायच्या खूप आधी सुरू होतं. भरडलेलं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, 65 ते 67 अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर खळखळून उकळायचं. मग उरलेला चोथा फावड्याने ओढून बाहेर काढायचा. ओला, वाफाळता, हाताला भाजेल असा. तो पोत्यांत भरून तबेल्यात जातो, म्हशी आवडीने खातात.

खरी कसोटी पुढे. उकळलेलं पाणी झटपट वीसेक अंशांवर आणल्याशिवाय यीस्ट घालता येत नाही. "मावशी, तुझ्याकडे थंडीत नळालाच गार पाणी येतं गं. इथे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून काय येतं ते तुला माहितीये," ती म्हणते. म्हणजे आधी पाणी गार करा, मग त्याने बिअर गार करा. यीस्ट कामाला लागलं की स्वतःही उष्णता सोडतं, म्हणून टाकीच्या दुहेरी भिंतीतून गार द्रव सतत फिरवावा लागतो. त्यात ढिलाई झाली तर गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा हवाहवासा वास अतिपिकलेल्या केळ्यावर जातो. चांगलं निघालेलं यीस्ट ती पुढच्या घाण्यासाठी राखून ठेवते, विरजणासारखं.

मध्यंतरी मालकांना शनिवारच्या मॅचसाठी एक टाकी लवकर उघडायची होती. तिने चाखली तर मागे लोण्याचा वास. यीस्ट तो वास स्वतःच परत शोषून घेतं, पण त्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. ती अडून बसली आणि त्या शनिवारी एक नळ बंद राहिला. मला तिचा फार अभिमान वाटला. बनवणारा माणूस त्याच छपराखाली असतो आणि "आज नाही" म्हणू शकतो, यासाठीच तर रेस्टॉरंटमधली बिअर प्यायची!

पण आठ नळ म्हटले की टाक्या कायम अडकलेल्या, आणि याचंच मला वाईट वाटतं. इथे माझ्या किटलीत आठवड्याभरात पांढरा थर धरतो, ठाण्यात आईच्या पातेल्याला तसा कधी धरला नाही. धरणाचं ते मऊ, कमी क्षारांचं पाणी म्हणजे पिल्सनरसाठी वरदान. 1842 साली आजच्या चेकियातल्या पिल्सेनमध्ये पहिली पिल्सनर, म्हणजे ही सोनेरी बिअर, जमली, त्यात तिथल्या मऊ पाण्याचा मोठा वाटा होता. मात्र पिल्सनरला थंडीत आठवडेच्या आठवडे मुरावं लागतं आणि तेवढा वेळ टाकी अडवून ठेवणं आठ नळांच्या हिशोबात बसत नाही. ठाण्यात चार नळ पुरेत, असं माझं ठाम मत आहे. त्यांतला एक मुरलेल्या पिल्सनरचा असावा.

भाचीने मालकांकडे एका टाकीची मागणी केली आहे. उत्तर दिवाळीनंतर मिळेल म्हणतात. तोवर अशा ठिकाणी गेलात, तर कार्डावरचे फ्लेवर बघण्याआधी कुठली बिअर सगळ्यात अलीकडे नळाला लावली ते विचारा आणि तीच मागवा. जमलं तर बनवणाऱ्याला काचेबाहेर बोलवा. भाची तर नक्की येईल, आणि तासभर बोलेल.