नावापुढचा एफ

आमच्याकडे गिऱ्हाईक अडचण घेऊन येत नाही, दोन आकडे घेऊन येतं. २०२३ च्या दिवाळीच्या सुमाराला ते आकडे होते ३०६० आणि ४०६०: एनव्हिडियाची दोन ग्राफिक्स कार्डं, एक जुनं मॉडेल, एक नवं. मी लॅमिंग्टन रोडवर अकरा वर्षं मशिन, म्हणजे कॉम्प्युटर, जोडतोय. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.) 'जुनं घेऊ की नवं?' हा प्रश्न त्या दिवसांत इतक्यांदा कानावर यायचा, की शेवटी एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने तक्ता लिहून मी तो काउंटरवर उभा केला.

त्या तक्त्याचा मला भारी अभिमान होता. ३०६०, फेब्रुवारी २०२१ चं: १२ जीबी मेमरी, १९२ बिटचा रस्ता, सेकंदाला ३६० जीबी माल वाहून नेणारं. ४०६०, जून २०२३ चं: ८ जीबी, १२८ बिट, २७२. लोक हे दोनदा वाचायचे आणि विचारायचे, तुम्ही उलटं तर नाही ना लिहिलंत? नव्या कार्डात मेमरी कमी कशी? मग मी खाली बोट न्यायचो. नव्याच्या पोटातला एल-टू कॅश, म्हणजे चिपमधलाच हाताशी असलेला छोटा साठा, ३ एमबीवरून २४ एमबीवर गेलाय, त्यामुळे त्याला सारखं मेमरीच्या दारात जावं लागत नाही. वीज १७० वॉटवरून ११५ वर आलीय. शिवाय खेळाच्या मधल्या फ्रेम स्वतः बनवायची एनव्हिडियाची युक्ती या दोघांत फक्त नव्यातच आहे. आणि सगळ्यात खाली, लाल मार्करने: '३०६० हे ८ जीबीतही मिळतं, १२८ बिटचं. बिलावर १२ जीबी लिहून घ्या.' नाव तेच आणि आतला माल वेगळा. बर्फीवाल्याने असं केलं असतं तर लोकांनी त्याच्या काचा शिल्लक ठेवल्या नसत्या.

माझा निकाल एका ओळीचा होता. खेळायचं असेल तर ४०६०, काम करायचं असेल तर ३०६०.

दसरा झाल्यावर मुरबाडकडचा एक जण आला. तिशीचा असेल, लग्नाची शूटिंगं करणारा. तुळशीचं लग्न लागलं की याची धावपळ सुरू. म्हणाला, "फोर-के अडकायला लागलंय भाऊ. सगळे व्हिडिओ बघून झालेत. ४०६० द्या."

"काम कशात करता?"

"प्रीमियरमध्ये."

प्रीमियर म्हणजे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर. मी तक्ता पुढे सरकवला. फोर-केची टाइमलाइन, वर रंगकाम, त्याच्यावर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं), अशा वेळी मेमरी भरते आणि ८ जीबीचं कार्ड गुडघे टेकतं. पॉवर सप्लाय ४५० वॉटचा होता, १७० वॉटचं कार्ड त्यावर चालून जातं. वर चार हजार वाचत होते. तो बिचारा नव्याचा हट्ट सोडून जुनं घेऊन गेला. शेठनी गल्ल्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की महागाचं गिऱ्हाईक स्वस्तात काढलंस. मला त्या दिवशी स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

आठ दिवसांनी तो मशिन घेऊन आला. कॅबिनेट निळ्या फुलांच्या चादरीत बांधलेलं, वरती गाठ. मुरबाडहून एसटीने कल्याण आणि तिथून लगेजच्या डब्यातून ग्रँट रोड. घाम पुसत म्हणाला, "तसंच अडकतंय. नवंच घ्यायला पाहिजे होतं."

'घ्यायला पाहिजे होतं' म्हणजे 'तुमचं ऐकायला नको होतं'. आमच्या धंद्यात हे वाक्य रोज येतं, पण या वेळी लागलं.

बेंचवर मशिन लावलं. त्याने पेनड्राइव्हवर एका साखरपुड्याच्या क्लिपा आणल्या होत्या. प्रीमियर उघडलं, क्लिप टाकली, स्पेसबार दाबला. नवरी अंगठी घालायला हात पुढे करते आणि हात तिथेच थांबतो. आवाज पुढे जातो, टाळ्या वाजतात, हात अजून तिथेच. मग एकदम अंगठी बोटात.

शेठना विचारून मी शोकेसमधलं ४०६० काढलं. ३०६० उतरवलं, ते चढवलं, ड्रायव्हर साफ करून पुन्हा टाकला आणि तीच क्लिप लावली. नवरीचा हात तिथेच थांबला.

आता खरं सांगतो. त्या क्षणी मला आनंद झाला. समोर माणूस चादर खांद्यावर टाकून उभा, त्याचं काम होत नाहीये, आणि माझ्या मनात काय, तर माझा तक्ता चुकला नव्हता. मी त्याला म्हणालोसुद्धा, "बघा, नवं घेतलं असतं तरी हेच झालं असतं." तो म्हणाला, "मग आता?"

त्या 'मग आता'नंतर मी पहिल्यांदा टास्क मॅनेजर उघडला, मशिनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा. हे खरं तर आठ दिवस आधी विचारपूस करूनच कळायला हवं होतं. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. कार्डाच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड'ची, म्हणजे व्हिडिओची फाइल उलगडण्याची, रेघ जमिनीला चिकटलेली, शून्य. कार्ड नुसतं बसून होतं.

"कॅमेरा कोणता?"

"सोनी. ए सेव्हन फोर. मे महिन्यात घेतला, हप्त्यावर."

क्लिपचे गुणधर्म उघडले. १० बिट, ४:२:२. आधीचा त्याचा कॅमेरा ८ बिट, ४:२:० मध्ये शूट करायचा. म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची चारातल्या एकाच ठिपक्याची. ४:२:२ मध्ये रंग त्याच्या दुप्पट. हळदीच्या पिवळ्यावर आणि शालूच्या लालवर फरक दिसतो, म्हणूनच त्याने कॅमेऱ्यात ते लावलं होतं. पण अशी फाइल उलगडण्याची सोय ना ३०६० मध्ये, ना ४०६० मध्ये. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या ५० सिरीजमध्ये आली. सगळा भार पडत होता प्रोसेसरवर. आणि ती सोय तेव्हा स्वस्तात कुठे होती? इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांत जे साधं ऑनबोर्ड ग्राफिक्स असतं ना, ज्याला आम्ही हसतो, त्यात. एचईव्हीसी, म्हणजे एच-२६५ प्रकारच्या फाइलमधलं ४:२:२ ते लीलया उलगडतं.

मग याच्यात का नाही? बाजूचं पॅनल उचललं. आतल्या बाजूला आमच्या दुकानाचं स्टिकर. मार्च २०२२, प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००एफ, कार्ड जीटीएक्स १६५०. अक्षर माझं.

एफ म्हणजे ऑनबोर्ड ग्राफिक्स नसलेला. "कार्ड लावताय ना, मग त्याचे पैसे कशाला घालता? एफ घ्या," हे वाक्य मी किमान हजार जणांना ऐकवलंय. यालाही ऐकवलं असणार. त्याच्या तेव्हाच्या कॅमेऱ्याला ते बरोबरही होतं.

पुढचं काम तासाभराचं. बिनएफचा १२४०० काढला, पेस्ट लावून बसवला. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, आयजीपीयू (ऑनबोर्ड ग्राफिक्स) मल्टी-मॉनिटर चालू केलं, कारण कार्ड दिसलं की बोर्ड ऑनबोर्ड झोपवून टाकतो; निम्मे जोडणारे इथेच फसतात आणि 'काही फरक नाही पडला' म्हणतात. प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेलच्या डिकोडिंगवर टिक केली. स्पेसबार. नवरीचा हात गेला, अंगठी बसली, टाळ्या वेळेवर.

दुसरी क्लिप मात्र पुन्हा अडकली. ती एच-२६४ मध्ये होती, त्यातलं ४:२:२ या ऑनबोर्डलाही जमत नाही. कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एस (एच-२६४) ऐवजी एचएस (एचईव्हीसी) लावायला सांगितलं, आणि झालेल्या शूटिंगच्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, रात्री लावून झोपा म्हटलं. त्याने ते मोबाइलवर लिहून घेतलं, 'एस नको, एचएस'.

जुना एफ शेठनी पडत्या भावात ठेवून घेतला. तो तिसऱ्या दिवशी खपला, किती मार्जिनने ते मी विचारलं नाही. वरचे साडेतीन हजार आणि पाचशे मजुरी त्या माणसाकडून घेतली. मजुरीच्या वेळी मी बोलायला हवं होतं. बिलाकडे बघत राहिलो.

निघताना चादरीची गाठ मारता मारता त्याने विचारलं, "म्हणजे हा प्रोसेसर टाकला असता, तर जुन्या १६५० वरच भागलं असतं का?" रागाने नाही, हिशेब लावायला विचारावं तसं. १६५० त्याने आत्येभावाला देऊन टाकलं होतं.

मी म्हणालो, "नॉइज रिडक्शनला बारा जीबी लागतातच की."

ते खोटं नव्हतं. पण माझ्या पाठीमागच्या फळीवर, अँटिस्टॅटिक पिशवीत, एक १६५० तपासायला आलेलं पडलं होतं. दहा मिनिटांचं काम. तक्ता खरा ठरवायला मी शोकेसमधलं सीलबंद खोकं फोडलं होतं, पण त्या पिशवीकडे हात नेला नाही. तो कॅबिनेट उचलून पायऱ्या उतरला. मी त्याला स्टेशनच्या बाजूचा रस्ता दाखवला, तो त्याला ठाऊक होता.

तक्ता त्या संध्याकाळी काढला. १६५० दुसऱ्या दिवशी ज्याचं होतं तो घेऊन गेला.