तुम्ही विचारलंत म्हणून: चार्ली रॉबर्ट्सच का?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर सामना संपला की चहाला थांबलेली पोरं हमखास विचारतात, "तुमचा सगळ्यात आवडता खेळाडू कोण?" मी चार्ली रॉबर्ट्स म्हणतो, शंभरेक वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा फुटबॉलपटू, आणि सगळे एकमेकांकडे बघतात. आज नीट सांगतो.

डार्लिंग्टनचा हा पोरगा १९०४ मध्ये ग्रिम्सबीहून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. क्लब तेव्हा इंग्लिश लीगच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे खालच्या पातळीवर होता. रॉबर्ट्स सेंटर-हाफ, पण आजच्यासारखा गोलपुढे उभा राहणारा नव्हे. तेव्हा सेंटर-हाफ मैदानाच्या मधोमध खेळायचा, बचाव त्याच्याकडे आणि चढाईची सुरुवातही त्याच्याच पायातून. १९०८ मध्ये युनायटेडनं पहिल्यांदा लीग जिंकली, १९०९ मध्ये पहिल्यांदा एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची मोठी स्पर्धा. दोन्ही वेळा कप्तान हाच.

पण मला तो आवडतो त्याच १९०९ च्या उन्हाळ्यासाठी.

मैदानं गच्च भरायची, तरी १९०१ पासून नियम असा की खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. क्लबनं सोडलं नाही तर दुसरीकडे जाताही येत नसे. म्हणून डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरला खेळाडूंची युनियन उभी राहिली. युनायटेडचाच बिली मेरेडिथ त्यात पुढे होता, रॉबर्ट्सही. ही युनियन इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडली जाणार म्हटल्यावर इंग्लंडचा फुटबॉल चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशननं फर्मान काढलं: युनियन सोडा, नाहीतर खेळाडू म्हणून नोंदणी रद्द.

देशभरच्या बहुतेकांनी युनियन सोडतो म्हणून सह्या करून टाकल्या. मी त्यांना दोष देत नाही, घरी चूल पेटवायची होती. युनायटेडच्या पोरांनी मात्र सही केली नाही. पगार थांबला. रॉबर्ट्सची तर बेनिफिट मॅच, म्हणजे जिची कमाई खेळाडूलाच मिळते असा सामना, ठरलेली होती, पाचशे पौंडांची हमी असलेली. म्हणजे दोन वर्षांहून जास्त पगार! तोही त्यानं पणाला लावला. सरावाला सगळे मँचेस्टरच्या फॅलोफील्ड भागात जमायचे. तिथला एक फोटो आहे: खेळाडू ओळीनं बसलेत आणि पुढे पाटी, 'आउटकास्ट्स एफ.सी., १९०९'. वाळीत टाकलेल्यांचा संघ. चेहऱ्यांवर भीती शोधली तरी सापडत नाही.

एव्हर्टन क्लबचा खेळाडू टिम कोलमन त्यांच्या बाजूनं उभा राहिला, मग आणखी काही जण. ३१ ऑगस्टला, हंगाम सुरू व्हायला एक दिवस उरलेला असताना, असोसिएशननं युनियनला मान्यता दिली. पण पुढे त्याच शरद ऋतूत सभासदांनी मत देऊन महासंघाची साथ सोडली. हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं.

इंग्लंडकडून तो फक्त तीन सामने खेळला, तिन्ही १९०५ मधले. युनियनमुळेच त्याला डावललं असं सर्रास म्हटलं जातं. १९०७ पर्यंतचं कारण ते असू शकत नाही, तेव्हा युनियनच नव्हती. नंतरचं मात्र मलाही पटतं. १९१३ मध्ये युनायटेडनं त्याला पंधराशे पौंडांना ओल्डहम क्लबला दिलं. १९१४-१५ ला ओल्डहमचं लीगचं विजेतेपद एका गुणानं हुकलं.

खेळ सुटल्यावर त्यानं वृत्तपत्र-तंबाखूचा धंदा केला. त्याच्याकडच्या एका सिगारचं नाव होतं 'डुक्रोबेल'. डकवर्थ, रॉबर्ट्स, बेल: युनायटेडच्या मधल्या फळीतल्या त्या तिन्ही हाफ-बॅकची नावं जोडून केलेलं. स्वतःचं नाव त्यानं दोघा सोबत्यांच्या मध्ये ठेवलं, जसा तो मैदानावर उभा राहायचा.