भिंत नसलेले दार

जुन्या गोव्याला येणारे बहुतेक जण बॉम जीझस आणि से कॅथेड्रल पाहून परततात. मांडवीच्या दिशेने थोडे पुढे गेले की सेंट कॅजेटनचे चर्च लागते आणि त्याच्या आवारालगत काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी दिसते. आदिलशहाच्या वाड्याचे हे प्रवेशद्वार. गेल्या श्रावणात पाऊस उघडल्यावर मी तिथे तासभर थांबलो, आणि चर्चपेक्षा या चौकटीनेच मला अधिक वेळ धरून ठेवले.

पहिली गोष्ट दगडाची. आपला गोवा जांभ्याचा. घर, कुंपण, विहीर, सगळे त्याच तांबड्या, सच्छिद्र चिऱ्यात. जांभ्यावर बारीक नक्षी टिकत नाही, म्हणून तो चुन्याच्या गिलाव्याखाली झाकावा लागतो. ही चौकट मात्र बेसॉल्टची आहे. तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिरही काळ्या दगडाचे आहे, आणि तो दगड बाहेरून आणावा लागला होता. भिजलेल्या खांबावर हात ठेवला, तेव्हा कोरीव कडा अजून बोटांना लागत होत्या.

पायऱ्या चढून वर गेले की दोन बाजूंचे खांब, त्यांवर आडवी टाकलेली तुळई आणि शेजारी कोरीव दगडी जाळ्यांचे उरलेले तुकडे दिसतात. सुलतानाच्या वाड्याचे हे दार असूनही त्याला कमान नाही. खांबांवर तुळई ठेवून दार उभे करण्याची ही रीत आपल्या देवळांच्या गाभाऱ्याची, त्यामुळे ते घडवणारे हात देवळे बांधणाऱ्यांच्याच परंपरेत तयार झाले असावेत, असे मला मनापासून वाटते. जवळच व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने ती पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली. आज दिसते ती विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली आहे. चालत काही मिनिटांच्या अंतरावरची ही दोन दारे एकाच फेरीत पाहावीत, म्हणजे बांधणीतला फरक आपोआप कळतो.

पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी शहर कायमचे ताब्यात घेतले, पण हा वाडा पाडला नाही. १५५४ पासून १६९५ पर्यंत पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथेच राहत होते. म्हणजे विजापूरच्या सत्तेचे दार ओलांडूनच लिस्बनची सत्ता रोज घरात शिरत होती! सतराव्या शतकात थिएटाइन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी शेजारी सेंट कॅजेटनचे चर्च बांधले, रोमच्या सेंट पीटर्सचा आदर्श समोर ठेवून. त्याच्या घुमटाखाली एक विहीर आहे, तीही आवर्जून पाहावी.

पुढे साथींनी शहर ओस पडत गेले आणि कारभार पणजीकडे सरकला. वाडा रिकामा झाला, मोडकळीस आला आणि १८२० मध्ये पाडण्यात आला. त्याचे दगड पणजीतल्या नव्या बांधकामांसाठी नेण्यात आले. दार तेवढे जागेवर राहिले. माझे घर पणजीत आहे. त्या दिवशी संध्याकाळी परतल्यावर जुन्या सरकारी इमारतींच्या कडेने चालताना, जिथे गिलावा सुटला आहे तिथे थांबून मी आतला चिरा निरखत होतो.