टोकियोतला लाँग रन, अर्थात शौचालयपुराण

आधीच सांगून ठेवते, या पोस्टमध्ये बुलेट ट्रेन नाही, चेरीची झाडं नाहीत आणि सुशी कशी खायची तेही नाही. ते सगळं तुम्ही दहा ठिकाणी वाचलंय. ही पोस्ट शौचालयांबद्दल आहे. जेवता जेवता वाचत असाल तर ताट धुऊन मग या.

झालंय असं की ऑफिसने मला ऐन नोव्हेंबरमध्ये टोकियोला धाडलं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनला सीएसएमटीसमोरून ४२.१९५ किलोमीटर धावायला निघायचंय आणि नोव्हेंबर-डिसेंबर हेच खरे मेहनतीचे महिने. नवी मुंबईतला, सीवूड्सचा आमचा धावणाऱ्यांचा ग्रुप दर रविवारी पामबीच रोडवर पल्ला वाढवतोय, घामेजल्या चेहऱ्यांचे फोटो टाकतोय आणि मी इथे मीटिंगांमध्ये वाकून नमस्कार करतेय. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. म्हणजे घरच्यासारखं चारला उठायचं तर शरीराच्या लेखी रात्रीचे साडेबारा. पहाटेचा नाद मी पहिल्याच आठवड्यात सोडला आणि संध्याकाळी धावायला लागले. खाण्याचं विचारू नका. मी मासे खाते, माझं निभतं.

इथे धावायचं म्हटलं की जो तो राजवाड्याकडे बोट दाखवतो. जुन्या एदो किल्ल्याचे खंदक, दगडी तट आणि त्यांच्या बाहेरून साधारण पाच किलोमीटरची पायवाट. पूर्ण फेरीत एकही सिग्नल आडवा येत नाही, कारण रस्ता कुठे ओलांडावाच लागत नाही. नोव्हेंबरात साडेचार-पाचलाच अंधार पडतो, आणि सहा-साडेसहानंतर आजूबाजूच्या ऑफिसांतून माणसं कपडे बदलून त्या वाटेवर उतरतात. सगळे एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट. तसा पाळायचा शिष्टाचारच आहे, पाट्याही आहेत. घोळक्याने रस्ता अडवू नका, अरुंद जागी एकामागे एक व्हा, चालणाऱ्याला आधी वाट द्या. आईला व्हिडिओ कॉलवर फेरी दाखवली तर ती म्हणाली, "अगं, राजवाडा डाव्या हाताला? उलटी प्रदक्षिणा घालतेस की काय?" म्हटलं, आई, इथल्या सम्राटांनी आपण देव नसल्याचं १९४६ सालीच जाहीर केलंय, काळजी नको.

त्यातला चालणाऱ्यांचा नियम मला सुरुवातीला जाम खटकला. माझा टेम्पो रन, म्हणजे सलग वेगात धावायचा सराव, चाललेला, घड्याळात वेग छान दिसतोय आणि सकुरादामोनच्या दरवाजात एक आजीबाई काठी टेकत निघालेल्या. पुढचे आठ-दहा जण हळू झाले. कोणी "साइड" म्हणालं नाही, चुटकी वाजवली नाही, घसा खाकरला नाही. आजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. आमच्या नेरुळच्या ज्वेलवर, म्हणजे तळ्याकाठच्या चालायच्या ट्रॅकवर, हे दृश्य कसं दिसलं असतं, ते तिथे सकाळी चालायला जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना विचारा. आम्ही रनर मंडळी तिथे जणू ॲम्ब्युलन्स. पण खरं सांगायचं तर ज्वेलवर काका-काकू पाचजण हातात हात घातल्यासारखे आडवे चालतात, त्याचंही काही तरी करायला हवं. एकट्या रनरला दोष देऊन चालणार नाही.

असो. मुद्द्यावर येते.

राजवाड्याच्या आसपास 'रन स्टेशन' नावाची दुकानं आहेत. पैसे भरायचे, लॉकरची किल्ली घ्यायची, ऑफिसचे कपडे आत टांगायचे, धावून यायचं, गरम पाण्याने अंघोळ करायची, केस वाळवायचे आणि माणसासारखं मेट्रोने घरी जायचं. बूट नसतील तर बूटही भाड्याने मिळतात. येनचे रुपये करण्याची खोड मला आहेच, तरी हे पैसे देताना एकदाही हिशोब केला नाही. कारण माझा नेहमीचा हिशोब असा: पामबीचवर तीन तास धावल्यावर गाडीच्या सीटवर जुना टॉवेल अंथरायचा, ओढणीच्या आडोशाने टी-शर्ट बदलायचा आणि मैत्रिणीने बाहेर पाठ करून उभं राहायचं. तेही मैत्रीण आली असेल तर.

पण अंघोळ ही चैन झाली. शौचालय ही चैन नव्हे.

बायकांनो, तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. पुरुषांनो, जरा बसा. लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या धावण्याच्या, आदल्या रात्री आठनंतर मी पाणी कमी करते. पहाटे उठल्यावर दोन घोट. चहा वर्ज्य. धावताना ग्रुपमधले सगळे दर दोन-अडीच किलोमीटरला इलेक्ट्रॉल ढोसत असतात, मी ओठ ओले करते. रूट ठरवायचा झाला की कोच चढ आणि वळणं बघतो, मी बघते पेट्रोल पंप. सानपाड्याकडे एक पंप, नेरुळला मावशीचं घर, बेलापूरला एका मैत्रिणीच्या सोसायटीचं क्लबहाउस, तिथला वॉचमन ओळखीचा झालाय म्हणून. या तीन खुंट्यांना बांधलेला माझा सगळा व्यायाम. मावशी गावाला गेली की नेरुळची खुंटी उपटली. पाळीच्या दिवसांत रविवार आला तर लाँग रन सरळ बुडवायचा किंवा सोसायटीच्या आवारातच घाण्याला जुंपल्यासारखं फिरत राहायचं. आणि ग्रुपमधले पुरुष? खारफुटीकडे तोंड करून उभे राहतात आणि अर्ध्या मिनिटात परत येऊन विचारतात, "अगं, हळू का झालीस?"

ग्रुपमध्ये माझी ख्याती आहे की ही चोवीस किलोमीटरनंतर ढेपाळते. धावताना खायची एनर्जी जेल बदलून झाली, बूट बदलून झाले, पोटऱ्यांचे व्यायाम झाले. एकाने श्वासाचं तंत्र शिकवलं, एकाने बीटाचा रस सुचवला. आपल्या दमट हवेत तीन तास धावायचं, घाम टपटप गळतोय आणि आत पाणी नाही. मग चोवीसला ढेपाळणार नाही तर काय आरती म्हणणार?

टोकियोत पहिल्या लाँग रनला मी सवयीने सकाळपासून कोरडीच होते. मग दुसऱ्या फेरीत लक्षात यायला लागलं की वाटेत बागेतलं सार्वजनिक शौचालय आहे. पुढे आणखी एक. उघडं. दिवा लागलेला. आत कागद. पैसे मागायला बाहेर कोणी बसलेलं नाही, तरी लादी कोरडी. तिसऱ्या फेरीला मी बाटलीभर पाणी प्यायले. मुद्दाम प्यायले. त्या दिवशी सहा फेऱ्या झाल्या, म्हणजे तीस किलोमीटर, आणि शेवटची फेरी आधीच्या फेरीपेक्षा वेगात झाली.

त्यानंतर मी जरा वेडीच झाले म्हणा. एका रविवारी राजवाडा सोडून थेट शिबुयाच्या दिशेने गेले, केवळ तिथली प्रसिद्ध शौचालयं बघायला. तिथे निप्पॉन फाउंडेशनने १७ सार्वजनिक शौचालयं नामवंत वास्तुरचनाकार आणि डिझायनरांकडून नव्याने बांधून घेतलीत. तादाओ आंदोसारख्या माणसाने एक केलंय. योयोगीजवळच्या एका छोट्या बागेतलं शिगेरू बान यांचं आहे आणि त्याच्या भिंती रंगीत पारदर्शक काचेच्या आहेत. हो, आरपार दिसणाऱ्या. आत जाऊन कडी लावली की काच अपारदर्शक होते. आत स्वच्छ आहे का आणि आत कोणी आहे का, या दोन्ही गोष्टी बाईमाणसाला बाहेरूनच कळाव्यात, असा त्यामागचा विचार. मी बाहेर उभी राहून बराच वेळ बघत होते. माझ्या मनातली भीती कुठल्या तरी मोठ्या वास्तुरचनाकाराने टेबलावर घेऊन तिच्यावर काम केलंय, ही कल्पनाच मला नवी होती. कडी मी तीनदा तपासली, तो भाग वेगळा.

कुरकुर करायलाही जागा आहे. हात पुसायला बऱ्याच ठिकाणी कागद नसतो, जो तो खिशात रुमाल घेऊन फिरतो. रस्त्यात कचऱ्याची पेटी जवळजवळ नाहीच. चिकट जेलची रिकामी पाकिटं घेऊन मी अख्खा रन धावलेय आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याला मुंग्या लागायच्या बाकी होत्या.

आता कोणी तरी कमेंटमध्ये लिहिणारच: "ताई, तिथे सोयी असतील, पण आपल्याकडे माणुसकी आहे." मान्य. मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं घेऊन उभी राहणारी माणसं मला टोकियोत दिसली नाहीत. आमच्या ग्रुपमधले एक काका स्वतः धावत नाहीत, पण पहाटे गाडीच्या डिकीत कोकम सरबत आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे घेऊन उभे असतात. इथे मला महिन्याभरात कोणी "कितवा किलोमीटर?" असंही विचारलं नाही. सगळं खरं. पण माणुसकीच्या आडोशाला बसता येत नाही.

आणि नवी मुंबईला नावं ठेवतेय असंही समजू नका. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरं आलेलं शहर आहे आमचं. पामबीचसारखा जवळपास दहा किलोमीटरचा सपाट रस्ता, एका अंगाला खाडी, थंडीत फ्लेमिंगो. टोकियोवाल्यांनी असा रस्ता आणून दाखवावा, मग बोलू. ठाण्याच्या मंडळींनी लगेच त्यांच्या जंगलातल्या येऊरचं नाव काढून येऊर-येऊर करू नये. तिथे आडोसा भरपूर आहे, पण आडोशाला बिबट्याही असू शकतो.

इथल्या एका सहकाऱ्याला मी धावते हे कळलं तेव्हा त्याने फार अदबीने विचारलं की भारतात बायका लांब पल्ल्याचं धावतात का. मला इतका राग आला म्हणून सांगू! मी त्याला साताऱ्याच्या ललिता बाबरची गोष्ट सुनावली. माण तालुक्यातली मुलगी, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरची ऑलिम्पिक फायनल गाठणारी पहिली भारतीय. त्याने डोळे मोठे करून "सुगोई", म्हणजे "कमाल", म्हटलं, दोनदा मान हलवली. मग जानेवारीतल्या हाकोने एकिदेनबद्दल सांगत बसला. विद्यापीठांच्या मुलांची दोन दिवसांची रिले, १९२० पासूनची, इथून जवळच ओतेमाचीतून सुटते, दोन आणि तीन तारखेला निम्मा देश म्हणे टीव्हीला चिकटलेला असतो. ऑलिम्पिकचा विषय त्याने काढलाच नाही. रात्री मी सहज शोधलं तर महिलांच्या मॅरेथॉनचं सुवर्ण २००० साली सिडनीत आणि २००४ साली अथेन्समध्ये, लागोपाठ दोनदा, जपानी बायकांनीच नेलेलं. एका शब्दाने बोलला नाही पठ्ठ्या. हा नम्रपणा कधी कधी अंगावर येतो.

कोचला तीस किलोमीटरचे आकडे पाठवले तर त्याचं उत्तर: "थंडीतले किलोमीटर आहेत ते. जास्त खूश होऊ नकोस." त्याचंही बरोबर आहे. उकाड्यात रक्ताला पायांबरोबर कातडीलाही थंड ठेवायचं असतं, त्यामुळे हृदयाच्या त्याच ठोक्यांना वेग कमी पडतो. इथे बारा-तेरा अंशांत मी त्याच ठोक्यांना किलोमीटरमागे अर्धा मिनिट वेगात आहे. शिवाय उन्हाची सवय लागायला दोनेक आठवडे लागतात आणि ती काही आठवड्यांत उतरतेही. त्यावर मी तोडगा काढलाय. धावून झाल्यावर गरम पाण्यात बसलं तर ती सवय बऱ्यापैकी टिकते, असं अभ्यासांतून दिसलंय. म्हणून मी हल्ली सेंतोत, म्हणजे इथल्या सार्वजनिक स्नानगृहात, जाऊन बसते. बेचाळीस अंशांच्या आसपासचं पाणी, गळ्यापर्यंत. निव्वळ ट्रेनिंग. घरी कृपया हाच शब्द वापरावा.

घरी सध्या थोडं गार वातावरण आहे. तुळशीच्या लग्नाला मी नव्हते. सासूबाईंनी एकटीने मांडव घातला, ऊस आणला, फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. काम शुक्रवारी संपत होतं आणि मी परतीचं तिकीट सोमवारचं घेतलं, कारण रविवारी बत्तीस किलोमीटर करायचे होते. पण मला सांगा, हेच एखाद्या पुरुषाने क्लायंटबरोबर गोल्फसाठी केलं असतं तर कोणी फोटो पाठवला असता का? तिकिटाचा फरक मी स्वतः भरलाय. आणि तुळशीला पाणी वर्षभर मीच घालते.

तर ग्रुपवाल्यांसाठी थेट निरोप. डिसेंबरमधला शेवटचा लाँग रन वाशी ते बेलापूर जाऊन-येऊन होणार नाही. सीवूड्समध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीशी माझं बोलणं झालंय. तिच्या घरावरून पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारायच्या, तिचं मागचं दार पावणेपाचपासून उघडं राहील. पुरुष मंडळींना फेऱ्या कंटाळवाण्या वाटत असतील तर त्यांनी खुशाल पामबीचला जावं. बायकांनी आदल्या रात्री भरपूर पाणी पिऊन यायचं आहे. बूट बाहेर काढायचे, आणि एवढ्या पहाटे तिच्याकडे चहा मागायचा नाही.